पावती

साज ओवायला देताना मिठारीवहिनी पानं मोजतात.
एकवीस. मग पुन्हा, बोट लावून:
मासा, कासव, कमळ, चंद्र...
मीही त्यांच्यासमोर मोजते, काट्यावर ठेवते,
वहीचं पान फाडून लिहून देते:
मधला ताईत लाल खड्याचा,
एका मण्याला पोचा, वजन अमुक,
तारीख, सही.
न मागता देते. सासऱ्यांची शिकवण:
दुसऱ्याचं सोनं हातात घेतलं
की आधी कागद, मग दोरा.

त्यांच्याच वरच्या दोन खोल्यांत आम्ही नऊ वर्षं.
मंगळवार पेठ, जिना बाहेरून.
पाच तारखेला भाडं रोख.
मिठारी नोटा मोजून खिशात घालणार,
म्हणणार, "पावती कशाला वो मालनबाई,
घरच्यासारखं हाय आपलं."
मलाही ते बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

आखाडात म्हणाले, दीड हजार वाढवा.
मी म्हटलं, पाचशे.
राजाराम बंधाऱ्यावर पाणी इशारा पातळीला
आणि माझ्या नळाला थेंब नाही.
खालच्या मोरीत धार वाजायची,
मी कळशी घेऊन कोपऱ्यावरच्या बोअरला.
पाचव्या दिवशी कसबा बावड्याची बस धरली.

शिकलगार वकीलबाई माझ्या पोरीच्या वयाची.
डबा खात होती. अर्धी भाकरी मला दिली,
हात धुतले आणि सांगायला लागली.
पाणी तोडता येत नाही. वीजही नाही.
करार लिहून नोंदवायचं काम मालकाचं,
तुमचं नव्हे.
पावती हा उपकार नाही, ती द्यावीच लागते.
भाडं वेळेवर देताय ना? मग देत राहा.
बाहेर काढायचं तर कोर्टाकडून काढावं लागतं,
कुलूप लावून नाही.
मी म्हटलं, पण घर त्यांचं.
"त्यांचंच," ती म्हणाली.
"मालकी त्यांची, ताबा तुमचा."

ताबा.
परतीच्या बसमध्ये तो शब्द
दोऱ्यासारखा ओला करून पिळत बसले.
वहिनींचं सोनं आठवडा आठवडा माझ्या पाटावर असतं.
म्हणून ते माझं होत नाही.
आणि त्यांचं आहे म्हणून मिठारी
रात्री येऊन माझी पेटी उचकटत नाहीत.
एवढी वर्षं ओवतेय,
हे उलट्या बाजूनंही ओवता येतं
हे कधी ध्यानात आलं नाही.

भाडं मनीऑर्डरनं पाठवलं. परत आलं.
आवळे पोस्टमननं जिन्यातच
उभ्या उभ्या शेरा मारला: "घेण्यास नकार."
मिठारींच्या दारातून
मला मिळालेला पहिला कागद.
साजाच्या पेटीत ठेवलाय.

काल वहिनी आल्या. गौरी दोन दिवसांवर.
यंदाही साज दिलेला, नळ बंद असताना.
चिठ्ठी कनवटीतून काढली, पानं मोजली. एकवीस.
मजुरी दिली आणि उभ्याच राहिल्या.
"पाणी येतंय का वर?"
"न्हाई."
साज रुमालात बांधला.
उतरताना तिसऱ्या पायरीवर थांबल्या,
तिथंच भिंतीत व्हॉल्व्ह आहे.
हात तिकडं गेला का, मी वाकून बघितलं नाही.

नोटीस टाइप होऊन पिशवीत आहे.
उद्या पोस्टात टाकणार.
पाणी आलं तरी.