खाटेखालचं पीठ

पहिल्यांदा दिसलं तेव्हा वाटलं, पावडरचा डबा सांडला.
त्रिशलाचं ड्रेसिंग टेबल खाटेला लागूनच.
पुसलं. चार दिवसांनी पुन्हा तितकंच,
चिमूटभर, मध्ये टोक आलेलं.

इचलकरंजीहून आलंय हे, मी म्हणाले,
तुमच्या टेबलातनं.
ती काही बोलली नाही.
पुढचे दोन महिने मी तेच म्हणत राहिले,
विहीणबाईंना फोनवरसुद्धा, हसत हसत.

आमच्यात पीठ दोनदा चाळतात, पाणी गाळतात,
दिवस मावळायच्या आत जेवतात,
न दिसणारा जीव चुकून पोटात जाऊ नये म्हणून.
आणि हे पीठ
कुणाच्या तरी पोटातून आलेलं.

शेवटी टिंबर मार्केटातून इलाही मिस्त्रींना बोलावलं.
त्यांनी चष्मा काढला, चिमूट उचलली,
अंगठ्यावर बोट फिरवत राहिले.
"कणी लागत न्हाई. मैदा हाय.
वाळवी असती तर माती आणली असती.
भिरूड असता तर करंगळी गेली असती भोकात."
मग खिडकीच्या फटीतून एक मेलेला काढला,
जिऱ्याएवढा, तांबूस, चपटा,
आणि तळहातावर ठेवून माझ्यापुढे धरला
वाणसामानाचा नमुना दाखवावा तसा.

टेबलावर टिचकी मारली.
"ह्यो सागाचा गाभा. ह्याला त्यो तोंड लावत न्हाई."
बॅटरी घेऊन खाटेखाली आडवे झाले.
बराच वेळ नुसते पायच दिसत होते त्यांचे.
"काकू, खाटंचं पाय सागाचं.
फळ्या आंब्याच्या हैत. वरनं रंग दिलाय."

फळ्या ह्यांनी बदलल्या होत्या
लेकाच्या लग्नाच्या आदल्या महिन्यात.
सगळा साग, म्हणाले होते.
मीही शेजारणीला तसंच सांगितलं होतं.
मंडपवाल्याचे पैसे कुठून भागले
ते तेव्हा विचारलं नाही.
आता विचारावं तर ते नाहीत.

"अन् ह्या भोकातनं त्यो आत गेला न्हवं,"
गुडघे झाडत मिस्त्री म्हणाले,
"भाईर पडला. भोक दिसतं ते गेलेल्याचं.
आत कोण ऱ्हायलंय, ते कळत न्हाई."
औषध मारू का, त्यांनी विचारलं.
उद्या सांगते म्हटलं.
तो उद्या अजून आलेला नाही.

त्रिशलानं पेन्सिल घेतली,
एकेका भोकाभोवती गोल काढला,
खाली काळा कागद अंथरला.
"नवीन पडलं तर कळेल, आई."
अकरा गोल. सातव्याला टोक मोडलं,
मी विळीवर करून दिलं.
तेवढंच.
जे बोलायला हवं होतं ते
जिभेवर येऊन परत आत गेलं.

रात्री त्याच खाटेवर निजते.
पाठीखाली कुणीतरी जेवतंय,
दिवस मावळून केव्हाचा झाला तरी.

आज सकाळी बारावं.
गोल नसलेलं, आतून अजून पांढरं.
काळ्या कागदावर चिमूटभर.
खिडकी रात्रभर उघडीच राहिली होती.

त्रिशला, मी हाक मारली,
पेन्सिल आण गं.