कलम चार, पोटकलम तीन

विश्रामबागेतलं सभागृह. पंखे तीन, चालू दोन.
बावीस माणसं
एका वाक्यापुढे सकाळपासून बसलेली:
‘जोत्याची उंची ज्ञात सर्वोच्च पूरपातळीच्या
दोन फूट वर असावी.’

मी इतिवृत्त लिहिते. मला मत नाही.
मला चहा आहे, दुपारी पोहे आहेत,
आणि आलेल्या प्रत्येक हरकतीला क्रमांक द्यायचं काम.

मगदूम सर उठले, अठ्ठ्याहत्तरीचे,
खिशात अजून घडीची लाकडी फूटपट्टी.
म्हणाले, असावी हे देवळाच्या पाटीला ठीक.
चपला बाहेर काढाव्यात.
कृष्णा पाट्या वाचत नाही.
‘असलीच पाहिजे’ करा. आणि च विसरू नका.

मग तासभर त्या च वर.

पारिसा शेटे कागद घेऊन आले होते,
एका अक्षराची किंमत काढून:
मुरूम एवढ्या ट्रॉल्या, दगड एवढा, पायऱ्या चार जादा,
आणि सहा फुटी बोळात
त्या पायऱ्या उतरवायच्या कुणाच्या दारात?
ज्याचं घरच दीड खणाचं
त्याला तुमचं व्याकरण परवडायचं नाही.
खोटं नव्हतं ते.
मी शब्दाला शब्द लिहून घेतलं.

यल्लाप्पा गवंडी मागच्या खुर्चीवर,
विशेष निमंत्रित, मताविना.
बोलू का, असं दोनदा विचारून बोलला:
‘जोतं मोजायचं कशापासनं, सायेब?
रस्ता तर दरसाल वर येतोय. डांबरावर डांबर.
मी बांधलेल्या तीन पायऱ्यांतली
आता एकच दिसती.’

कुणीतरी मसुद्याची पानं पुढेमागे केली.
नव्हतं.
एकशे चाळीस पानांत कुठेच नव्हतं.
अध्यक्ष म्हणाले, पुढच्या आवृत्तीत घेऊ.
पुढची आवृत्ती तीन वर्षांनी.
तोवर रस्ता किती इंच, ते कुणी विचारलं नाही.

हरकत क्रमांक एकशे सतरा
वहीच्या पानावर आली होती, हरिपूर रस्त्यावरून,
हसीना मुजावर यांची:
‘पाणी फडताळाच्या तिसऱ्या फळीला लागलं.
तिथं माझा पिठाचा डबा असतो.
तुमच्या फुटात ते किती होतं, तुम्ही बघा.’
निर्णयाच्या रकान्यात मी लिहिलं: नोंद घेतली.
(मगदूम सर परस्पर जाऊन फळी मोजून आले होते.
पाच फूट दोन इंच.
इतिवृत्तात हे बसत नाही.)

मतदान हात वर करून.
दोन तृतीयांश, म्हणजे पंधरा हवे होते.
चौदा मोजले. पुन्हा मोजले.
एक हात कोपरापर्यंत उठला होता,
चष्मा सावरून खाली गेला.
मी अध्यक्षांकडे पाहिलं.
धरू नका, म्हणाले.

तर ‘असावी’ राहिलं.
आणि तेही नमुन्यातच राहिलं.
नमुना म्हणजे शिंप्याचा कागदी बेत,
ज्या त्या नगरपालिकेनं आपल्या मापानं कापायचा,
नको तिथे दुमडायचा,
वाटलं तर गुंडाळून कपाटावर टाकायचा.
हे पहिल्या पानावर छापलेलंच आहे,
तिथे मात्र च वर वाद झाला नाही.

सहाला निघाले. पुलाशी थांबले.
नदी मार्चमधली, तळाशी, निमूट,
एक माणूस म्हैस धूत होता.
खांबावर रंगवलेले आकडे
त्याच्या डोक्याच्या खूप वर.
नुसते आकडे. एकाही आकड्याला क्रियापद नव्हतं.

घरी आले.
स्वयंपाकघरात दिवा न लावताच
पिठाचा डबा
एक फळी वर ठेवला.