सतरावं घर

लोखंडेंनी फोनवर बजावलं होतं, आधी बंद करा.
बंद म्हणजे पूर्ण बंद, मॅडम. वायरसुद्धा काढायची.
पाणी नको, साबण नको, ओढणीचा कोपरा तर अजिबातच नको.
धागा अडकला की टिंब बसलंच,
मग मला वाशीहून यावं लागतं.
येण्याचे पैसे वेगळे.

म्हणून हे चष्म्याचं फडकं.
घरात चष्मा एकच, जनार्दनचा.
तो दर रविवारी दहा ते साडेदहा
धूसर काचांनी बसून राहतो,
पेपर वाचून दाखवायचं टाळायला
त्याला हे एक कारण पुरतं.

स्पिरिट कोपरीच्या मेडिकलमधलं.
दुकानदाराने विचारलं, इंजेक्शन कुणाला द्यायचंय?
मी म्हटलं, अक्षरांना.
तो हसला नाही. सुटे मागितले.

फडकं ओलं नाही, ओलसर.
वरून खाली, वरून खाली, आडवं कधीच नाही.
चाळीस घरं, घरटी आठ टिंबं,
आणि खाडी इथून दोनच गल्ल्या.
ओहोटीचा वास मला कळतो,
हवेतलं मीठ मात्र यंत्रालाच आधी कळतं.
झाकण विसरले तर सोमवारी रुसून दाखवतं.

पुसून झालं की चालू करायचं.
सगळी टिंबं एकदम उठतात,
तडतड, फोडणीत मोहरी पडावी तशी,
आणि मी डावीकडून हजेरी घेत जाते.
पंधरा, आहे. सोळा, आहे.
सतरा.
सतराव्या घरातलं तिसरं टिंब
उठता उठता मध्येच बसलेलं.

मंगळवारी मी कुंदाला लिहिलं होतं,
तीन वर्षांनी, फार विचार न करता:
पनवेलहून कधी इकडे येणार आहेस का?
बुधवारी रात्री बोटांखाली उत्तर आलं,
हो, तू बोलावलंस जर
आणि पुढे काही नाही.

मला वाटलं, उरलेलं सकाळी येईल.
बोलावलंस जर, तर काय?
गुरुवारी भाजी निवडताना,
शुक्रवारी पाण्याचा टँकर उशिरा आला तेव्हा,
मी तिच्या वतीने तर रचत बसले.
तर आईच्या पाटल्यांचं नाव काढायचं नाही.
तर जनार्दनने मध्ये बोलायचं नाही.
तर मी रात्री राहणार नाही.
शनिवारपर्यंत माझं तिच्याशी
तिला न कळता
एक मोठं भांडण होऊन गेलं होतं.

आता फडक्याच्या टोकाने ते टिंब दाबलं, सोडलं,
दाबलं, सोडलं. लोखंडे म्हणतात, धीराने.
मला तो नाही. तरी बाराव्यांदा की तेराव्यांदा
टोचलं बोटाला, साबुदाण्याएवढं.

उगाचच बुधवारचा निरोप पुन्हा उघडला.
ज नव्हता तो.
त होता.
दोघांत एकाच टिंबाचा फरक,
खालचं, डावीकडचं. शाळेत याच्यासाठीच
सामंतबाईंनी माझ्याकडून अख्खी पाटी टोचून घेतली होती.
हो, तू बोलावलंस तर.
वाक्य पूर्ण होतं.
बुधवारपासून पूर्ण होतं.
ओळ एक घर सरकवून पाहिली असती
तरी कळलं असतं.

अडकलं होतं ते काही बाहेरून आलेलं नव्हतं.
माझ्याच बोटाचं तेल, कातडीचा भुगा,
रोज वाचून वाचून साठलेला.
फडक्यावर त्याचा डाग पडलाय, जनार्दन म्हणाला,
आणि चष्मा पुसायला
शर्टाचं टोक धरलं.

मी हात धुतले. कोरडे केले, नखांखालीसुद्धा.
लिहिलं, ये. पुढच्या रविवारी ये.
मग वाटलं, हे फारच हुकूम सोडल्यासारखं,
म्हणून खाली जोडलं, बांगडे आणतेय.
पाठवायच्या आधी सतराव्या घरावर
बोट जरा जास्त वेळ ठेवलं.
लोखंडेंचा भरवसा नाही त्या टिंबावर,
पावसाळ्यात पुन्हा बसेल म्हणतात.
बसू दे. आता मला त्याची खोड ठाऊक आहे.

जनार्दन, बांगडे किती सांगू?
ती काटे काढत खूप वेळ जेवते.