उभी रेघ

ब्रशच्या बुडाशी अक्षरं होती म्हणे, ठसठशीत.
आता 'मेड इन' एवढं लागतं
आणि त्यापुढे एक उभी रेघ.
आय असेल.
किंवा ई, तिन्ही हात झिजलेला.
तेवढ्या रेघेवर चाळीसगावच्या स्टेशन रोडला
एकवीस वर्षं वाद चाललाय.

सुकलाल चित्तेच्या दुकानात ब्रश चार.
तीन प्लास्टिकचे, येईल त्याच्यासाठी.
हा चौथा पानाच्या डब्यात, तुरटीच्या खड्याशेजारी,
नवरदेवांसाठी
आणि मागची उधारी चुकवणाऱ्यांसाठी.
म्हणजे नवरदेवांसाठीच.

त्याच्या बापाला, तोतारामला,
एका लोको फोरमननं दिला, गाव सोडताना.
सुकलाल म्हणतो, साहेब खूश झाला होता.
त्याची आई सांगायची,
सहा महिन्यांच्या दाढीचे पैसे नव्हते मेल्याकडे.

बशीर तांबोळी ठाम: विलायतीच.
असा फेस आपल्याकडच्या केसाला येत नाही.
(बशीरभाईंना दाढी आहे, बेंबीपर्यंत.)

मग एका उन्हाळ्यात पाती-पावडरवाला फिरता विक्रेता आला,
ब्रश उलटा करून केसांत फुंकर मारली, म्हणाला,
बिज्जूचे. चीनकडचे.
गाठ बांधतात तिसरीकडे कुठेतरी,
विलायतेत नुसते मुठीत बसवतात,
कधी तेवढंही नाही.
नाव जिथं कोरलं तिथला माल, शेठ.

बिज्जू म्हटल्यावर बाकडं गप्प झालं.
तो मसणात उकरतो, तोच का?
आठवड्यापूर्वी बोहल्यावर चढलेल्या भाईदासनं
हळूच गालावरून हात फिरवला.

मी पार्सल ऑफिसात.
माझ्या हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक डागावर
दोनच नावं असतात, कुठून आणि कुठे.
डाग मध्ये कुठल्या फलाटावर तीन रात्री भिजला,
कोणी उसवून पुन्हा शिवला,
याला पावतीत रकाना नाही.
पण हे दुकानात बोललो नाही.
माझी निम्मीच दाढी झाली होती.

शेवटी रमजान खराद्याकडे नेला.
डोळ्यांत मोतीबिंदू, सांध्यावर पट्टा थांबलेला,
पोरं आता लाटणीसुद्धा बाहेरून आणून विकतात.
त्यानं मुठीवरच्या तीन खाचा नखानं मोजल्या,
परत मोजल्या.
पाणी मागितलं, मूठ भिजवली, वास घेतला.
शिंग आहे, म्हणाला. बैलाचं.
कुठल्या बैलाचं, सुकलालनं विचारलं.
रमजान हसला, त्याला मागचे दात नाहीत.
बैल का सांगतो?
आणि खाचा?
अशा खाचा माझे अब्बा काढायचे.
अशा खाचा सगळेच काढतात.

त्या रात्री मला आमच्या गोदामातलं रजिस्टर आठवलं,
वाळवीनं अर्धं जेवलेलं:
शिंगं, पोती बारा, चाळीसगाव ते मुंबई बंदर.
तारीख वाळवीच्या पोटात.
म्हणजे काहीच नाही.
म्हणजे एखादा डांगरी बैल गिरणेच्या काठानं
आयुष्यभर नांगर ओढून
पोत्यात बसून समुद्रापार गेला असेल,
साहेब होऊन परत आला असेल,
आणि आपल्याच गावच्या नवरदेवांच्या हनुवट्यांवर
गोल गोल फिरत असेल, घाण्याला जुंपल्यासारखा.
किंवा नसेल.
बारा पोत्यांत शिंगं किती, कोण जाणे.

मी सुकलालला सांगितलं ते, दुसऱ्या दिवशी.
मागची सगळी उधारी आधी टेबलावर ठेवून.
तो ऐकत होता, वाटीत साबण घोळवत.
मग म्हणाला,
केस कोना, मूठ कोनी, नाव कोनं,
दाढी तं तुनीच ना, भो?
आणि पानाचा डबा उघडला.

फेस गार होता. किंचित शिंगाचा वास,
पोळ्याला रंग देताना यायचा तसा,
किंवा मला तो हवा होता म्हणून आला.
मी तोंड उघडणार होतो.
सुकलालनं दोन बोटांनी कपाळ मागे रेटलं.
हनुवटी वर, म्हणाला.
वस्तरा कानाशी आला होता.