कुठून आला हा आकडा

बंदीचे दिवस. होड्या झापांखाली.
साखरीनाटे बंदरात बर्फाचा कारखानाही मुका.
मी माडीवर, मांडीवर लॅपटॉप,
पुढ्यात नखाएवढी वायरलेस चिप.
बनवणारा केव्हाच दुकान मोडून गेलेला.
कागद नाही, नकाशा नाही,
नुसती सत्तर रजिस्टरं,
हाक मारली तरी ओ न देणारी.

दोन वर्षं लागली तिला बोलतं करायला.
मग ड्रायव्हरचे नऊ तुकडे केले
(एका तुकड्यात एकच गोष्ट, हा कर्नलचा दंडक)
आणि पाठवले.

परत आले.
इथे टॅब हवा, तू स्पेस दिलीस.
चौथ्या तुकड्याशी थांबलं तर बिल्ड मोडतं.
हे कुलूप घेतलंस,
पण चुकीच्या वाटेने बाहेर पडताना सोडलं नाहीस.
सगळं बरोबर. राग आला तरी बरोबर.

दुसरी खेप. तिसरी.
चौथीला, कधी न पाहिलेल्या एका माणसाने
एवढंच विचारलं:
शून्य-एक्स-पाच-सी.
कुठून आला हा आकडा?

म्हणजे बाबांना विचारावं, सुरमई कुठे लागते?
बुरुजामागे दीपगृहाचा दिवा गेला
की किती मोजायचं, कुठे इंजिन बंद करायचं,
हे त्यांनी सख्ख्या भावाला सांगितलेलं नाही.

मला तो सापडला पहाटे तीनला,
लाईट गेलेली, इन्व्हर्टर कुरकुरत होता,
शून्यापासून एकेक किंमत लिहून बघत होते.
ब्याण्णवला चिपने
शेजारच्या मापारींच्या राउटरचं नाव वाचलं.
तोच का? अल्लाला ठाऊक.

भारदस्त नाव देता आलं असतं,
कॅलिब्रेशन वगैरे.
पाचव्या खेपेला त्याच्या डोक्यावर लिहिलं:
करून पाहून मिळाला. अर्थ माहीत नाही.
हा नसेल तर चिप ऐकत नाही.
खाली पूर्ण नावाने सही, नियमच तसा,
हे माझं आहे आणि मी देते आहे, अशा अर्थाची:
निशात दाऊद भाटकर.

घेतलं.
बंदी उठायला चार दिवस असताना.

बाबा पडवीत जाळं सांधत होते.
"पैसे?"
नाहीत.
"मग कुणीही वापरील?"
कुणीही.
"आणि तुझा तो आकडा?"
तोही. उघडा. मला जेवढा कळला तेवढा.

तीन-चार गाठी मारल्या त्यांनी.
मग जाळ्याकडेच बघत म्हणाले,
"बुरुजामागे दिवा गेला ना,
की मी शंभर मोजतो, असं सगळ्यांना वाटतं."

आणि नेमका तेव्हा
बर्फाचा कारखाना सुरू झाला.
ओठ हलताना दिसले.
अजून परत विचारलेलं नाही.