उलट्या बाजूने

काचेवर आधी लसूण चोळायचा,
नाहीतर रेघ धरत नाही, ओघळते.
हे मला इलिंकाने सांगितलं, माझ्या बायकोने,
जिच्या बोटांना लग्नापासून शेवटच्या दिवसापर्यंत
लसणाचा आणि काजळीचा वास होता.
स्वयंपाक मात्र मीच करायचो.

तीस वर्षं मी सिबियूची बस चालवली.
आरशात बघून मागचं सांभाळणं मला नवं नव्हतं.
तरी ती म्हणायची,
तनासे, हे तुझं काम नाही, तुला घाई असते.

कागदावर आधी आभाळ, मग डोंगर, मग माणूस,
पापणी सगळ्यात शेवटी.
काचेवर मागच्या बाजूने काढायचं,
म्हणून पापणी पहिली.
नखाची कोर पहिली, ओठांची फट पहिली,
मग गाल, मग झग्याच्या चुण्या,
आणि हात पार दमल्यावर
सोनेरी आभाळ.
तोवर चुकलेली पापणी पुसता येत नाही.
तिच्यावर आख्खा चेहरा बसलेला असतो.

देवही असाच मागून काम करत असेल, ती म्हणायची.
असेल, मी म्हणायचो,
आणि बटाटे सोलायचो.

ती गेल्यावर गोठ्यात तीन काचा सापडल्या,
गवतात गुंडाळलेल्या, जुन्या भट्टीतल्या,
अंगात लाटा असलेल्या.

कुंचला हातात घेण्याआधी प्रार्थना करायची असते.
मला ती पाठ होती. येत नव्हती.
मग मी थांब्यांची नावं घ्यायला लागलो,
गिरणी, पूल, चर्च, दवाखाना, सुतारांची गल्ली,
आणि प्रत्येक थांब्यावर कोण उतरायचं ते आठवायचो.
दवाखान्यापाशी फार वेळ जायचा.

पहिली काच फुटली. दुसरीवर ख्रिस्त काढला.
आठवडाभर. डोळे बरे जमले.
नमुन्याचा कागद काचेखाली पालथा घालायचा असतो,
मी उताणा घातला.
अक्षरं जपून उलटी लिहिली होती, ती सुलट आली.
तेवढीच.

फादर व्हिसारिओननी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.
तनासे, हा डाव्या हाताने आशीर्वाद देतोय.
हो.
वेदीजवळ नाही ठेवता येणार.
नाही.
त्यांचं काही चुकलं नव्हतं.
मी काच भिंतीकडे तोंड करून ठेवली, कांद्यांच्या टोपलीमागे.
मागून नुसते डाग दिसत होते,
कोणाचेही असू शकले असते.

साफ्ता अंडी घेऊन आली.
रंगात बलक लागतो, म्हणून मी तिच्याकडून घेतो.
दोन वर्षांपूर्वी तिची उजवी बाजू गेली.
तेव्हापासून ती चर्चमध्ये खांबाआड बसते,
डाव्या हाताने क्रूस करते, तोही शालीच्या आत,
जणू काही चोरते आहे.

टोपली सरकवताना तिने काच उलटी केली.
मी म्हणालो, ते राहू दे, चुकलंय ते.
ती काही बोलली नाही.
शालीतून डावा हात बाहेर काढला,
कपाळ, पोट, खांदा, खांदा,
सावकाश, कांद्यांच्या समोर.
मग म्हणाली,
आज सहाच अंडी आहेत. बाकीची हप्त्याने देईन.

जानेवारीत फादर घरोघर तीर्थ शिंपडत फिरतात.
बादली धरायला मी असतो,
बोटं गारठून लाकूड होतात.
साफ्ताच्या घरात त्यांनी दार शिंपडलं, पलंग शिंपडला,
चूल, खिडकी, कोपऱ्यातली काठी.
मग भिंतीपाशी थांबले.
मी बादलीकडे बघत राहिलो.

बेसिलची जुडी पाण्यात बुडाली.
बाहेर आली.
पुन्हा बुडाली.
काचेवर थेंबांचा सपकारा बसला,
खाली उभ्या साफ्तावरही थोडा.
पुढचं घर, फादर म्हणाले,
आणि जोडे शोधायला लागले.

पाणी त्या डाव्या हातावरून ओघळत होतं.
रंग मागे असतो, त्याला काही होत नाही.

अजून एक काच आहे.
आज लसूण सोलून ठेवलाय.