उलटी बाजू

मुहर्रकच्या कैसरिया बाजारात, हलव्याच्या दुकानामागं
माझी मशीन. बारा सुया, एक खुर्ची.
दारावर पाटी: सैनिकी बिल्ले, फिती, नावं.
रफीक म्हणतात मला. इथं सगळ्यांनाच म्हणतात.

आज नौदलाच्या पाणबुड्यांचे बिल्ले.
चाळीस नग, गुरुवारपर्यंत.
मधे पितळी टोप, त्याला तीन खिडक्या,
दोन्ही अंगांना डॉल्फिन
(आमच्याकडे त्याला गादा म्हणतात,
जाळी फाडतो म्हणून शिव्या घालतात),
खाली लाटेची एक ओळ.
अव्वल दर्जाला सोनेरी धागा, दुय्यमला रुपेरी.
पाणी मात्र दोघांना एकाच निळ्या रिळातलं.

नमुना घेऊन गानिम आला होता, त्यांचा मुख्य.
बोट ठेवत ठेवत सांगत गेला,
शाळेत नकाशा शिकवावा तसा.
टोप आता कुणी घालत नाही, पण तो मान आहे.
गादा आहे, कारण तो श्वासाला वर यायचं विसरत नाही.
खिडक्या समोर, डावीकडं, उजवीकडं.
आणि मागं?
मागं बघायला खिडकी नसते, म्हणाला.

मी हर्णैचा.
बाप बुडी मारायचा, खडकात अडकलेले नांगर सोडवायला,
पंख्यात गुंतलेली जाळी कापायला.
दातांत कोयती, कमरेला काथ्याची दोरी.
बुडीचे दोन रुपये,
तेही नांगर निघाला तर.

दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात असायचं.
वय आठ.
तीन हिसके म्हणजे ओढ.

एका सकाळी मी बगळे मोजत होतो.
सतरापर्यंत आलो होतो.

तो आपला आपणच वर आला,
होडीच्या काठाला धरून राहिला बराच वेळ,
उजव्या कानातून रक्ताची बारीक धार.
मला काही बोलला नाही.
आईला सांगितलं, नांगर जड होता.
त्यानंतर त्याला हाक मारायची तर डावीकडून.
पोहायला मी शिकलोच नाही.

हे गानिमला सांगण्यासारखं नव्हतं.
एवढंच विचारलं: यात दोरी कुठं आहे?

त्यानं नमुना उजेडात धरला.
मग खुर्चीत बसला, माझ्याच खुर्चीत, मी उभा.
म्हणाला, माझा आजा सैब होता.
मोत्यांच्या गलबतावर दोरी ओढायचा,
पहाटेपासून सूर्य मावळेपर्यंत.
बुडी मारणाऱ्याला नाव मिळायचं,
नाखुद्याला मोती,
आजाचे तळहात कासवाच्या पाठीसारखे झाले होते.
लहानपणी तो गाल कुरवाळायचा, तर ओरखडा उठायचा.

मग उठला. दोरी घातलीस तर नमुना मोडेल, रफीक.
वरचे मंजूर करणार नाहीत.

नाहीच करणार.

पण भरतकामाला उलटी बाजू असते.
वरच्या सुईला सोनेरी धागा असला
तरी खालून त्याला धरून ठेवणारा धागा असतोच, बॉबिनचा.
तो पांढरा घालतात. स्वस्त पडतो, कुणी बघत नाही.
मी तपकिरी घातला. काथ्याच्या रंगाचा.
हिशेबात नाही लावला.
आणि प्रत्येक नगाला, टोपाच्या बरोबर मागं,
बोटभर शेपूट न कापता ठेवलं.

गुरुवारी गानिम आला. चाळीस मोजले.
सोनं तपासलं, खिडक्या तपासल्या,
एका गाद्याचा डोळा वाकडा निघाला, तो बाजूला ठेवला.
मग सहज म्हणून एक नग पालथा केला.
पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी खजुरांचा भाव सांगत होतं.
त्यानं ते तपकिरी शेपूट चिमटीत धरलं
आणि हलकेच हिसका दिला. एक.
दोन.

तिसऱ्याच्या आत
माझ्या मुठी मिटल्या होत्या.